खेळांतील वाद्यें व त्यांची मजबुती

वाद्य बिघडलें तर तें कारागिराकडे न्यावें व खेळणें मोडलें तर तें केरांत टाकावें, असा शिरस्ता आहे. तबल्याची पुडी फाटली म्हणून कोणी तबला फेंकून देत नाहीं. नवी पुडी चढवितात. परंतु जी वस्तु अर्धी वाद्य व अर्धी खेळणें आहे, तिचें काय करावें? व्हिडिओ गेमसाठीं केलेल्या प्लास्टिकच्या गिटारी व ढोल यांच्यापुढें अमेरिकेंतील खेळाडूंस हा प्रश्न पडला, आणि त्याचें जें उत्तर त्यांनीं स्वतःच्या हातांनीं दिलें, तें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

सन २००५ मध्यें ‘गिटार हीरो’ हा खेळ अमेरिकेंत निघाला. त्यासोबत एक लहानशी प्लास्टिकची गिटार मिळे. तिला तारा नाहींत. मानेवर पांच रंगांचीं पांच बटणें, पोटावर छेडण्याची एक पट्टी, आणि सूर लववण्यासाठीं एक दांडी. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात. ठिपका रेषेवर पोंचतांच त्याच रंगाचें बटण दाबून पट्टी छेडावयाची. दोन वर्षांनीं, २००७ मध्यें, ‘रॉक बँड’ निघाला व गिटारीच्या जोडीस चार पृष्ठांचा ढोलसंच, पायानें दाबावयाचें पेडल आणि गायकासाठीं मायक्रोफोन आला. सगळ्या संचाची किंमत १७० डॉलर होती.

एवढे पैसे घेऊन दिलेलें पेडल मात्र निव्वळ प्लास्टिकचें! पायाचा जोर हाताहून किती अधिक असतो, हें ढोलास काठी लावलेल्या कोणत्याहि मुलास सांगावयास नको; कारखान्यांतील शहाण्यांस तें कसें सुचलें नाहीं, याचें आश्चर्य वाटतें. पुष्कळांचीं पेडलें तडकलीं. मग कोणी पत्र्याचा तुकडा कापून तो स्क्रूंनीं आवळला, कोणी लांकडाची फळी बसविली. पुढें धातूचीं पेडलें विकणारेहि निघाले. २००८ च्या ‘रॉक बँड २’ बरोबर जें पेडल आलें, त्यावर खुद्द कारखान्यांतूनच धातूचा पत्रा बसविलेला होता. गिऱ्हाइकांनीं घरीं योजलेला उपाय असा वर्षभरांत दुकानांत पोंचला.

गिटारीचें दुखणें याहून सूक्ष्म. पेडल मोडलें तर तें डोळ्यांना दिसतें. गिटारींतील बिघाड दिसत नाहीं. २००७ च्या तिसऱ्या ‘गिटार हीरो’ची गिटार मानेपासून सुटी होत असे. ठेवावयास सोयीची खरी, परंतु मान व धड जेथें जुळतात तेथील धातूचे स्पर्शबिंदु थोडे हालले कीं दाबलेलें बटण यंत्रास कळेना. खेळणाऱ्यानें बटण वेळेवर दाबलेलें असतें, पट्टीहि वेळेवर छेडलेली असते. पडदा मात्र त्यास चुकला म्हणून सांगतो. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण सबब सांगणाऱ्यास उद्देशून वापरतों. पण येथें अंगण खरोखरच वांकडें आहे! आणि मूल मात्र आपल्याच बोटांस दोष देतें, तोच तुकडा पन्नास वेळां घोकतें, व अखेर ‘मला तालच नाहीं’ असें ठरवून उठतें. हलक्या मालामुळें होणाऱ्या नुकसानींत पैशाचें नुकसान आम्ही दुसरें धरतों, पहिलें हें.

उपाय कठीण नाहींत. सुटी मान तारांनीं जोडून डाख दिला कीं ती पक्की होते, मात्र पुन्हा सुटी करतां येत नाहीं. बटणांखालील रबरी पडदा मऊ पडला असल्यास त्या जागीं संगणकाच्या उत्तम कीबोर्डांत असतात तसे स्प्रिंगचे स्विच बसवितात. अशा नामांकित स्विचांचें आयुष्य पांच कोटी दाबांचें म्हणून निर्माते सांगतात. सूर लववण्याच्या दांडीखालीं कार्बनच्या पट्ट्यावर घासत फिरणारा भाग असतो, व तो घासूनच खराब होतो. त्याऐवजीं एक लहानसें लोहचुंबक व तें जवळ-दूर होतांच विजेचा दाब बदलणारा हॉल संवेदक लावला म्हणजे घासण्याचा प्रश्नच उरत नाहीं. ज्या गुणधर्मावर हा संवेदक चालतो, तो एडविन हॉल यानें १८७९ मध्यें विद्यार्थिदशेंत असतांनाच शोधून काढला होता, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

‘एवढा खटाटोप करण्यापेक्षां मुलास खरी गिटारच कां घेऊन देऊं नये?’ असें पालक विचारतील. ज्यास खरी हवी त्यास अवश्य द्यावी. या खेळानें गिटार येते, असें आम्ही म्हणत नाहीं. पांच बटणांत सुरांचें ज्ञान मावत नाहीं. मात्र ढोलाची गोष्ट निराळी आहे. काठी व पाय यांचा मेळ तेथें बराचसा खराच असतो, म्हणून तर २०१० च्या ‘रॉक बँड ३’ साठीं खरा इलेक्ट्रॉनिक ढोलसंच जोडण्याचें साधन विक्रीस आलें. शिवाय मोडकी वस्तु उघडून, ती कां मोडली हें पाहून, चांगला भाग निवडून बसविणें हें जें शिक्षण आहे, तें खऱ्या गिटारीनेंहि मिळत नाहीं.

तरी एक मर्यादा आम्ही घालूं. जो भाग बिघडला तोच बदलावा. कांहीं हौशी मंडळी चालत्या गिटारीचें सर्व अंतरंग उपसून रंगीबेरंगी दिवे व महागडे सुटे भाग तींत भरतात. ती हौस आहे, दुरुस्ती नव्हे, आणि तिच्यासाठीं वडिलांच्या खिशास हात घालूं नये. डाख देतांना त्याचें हत्यार तापून तीनशे अंशांवर जातें व धूर अपायकारक असतो. तेव्हां खिडकी उघडी ठेवावी व घरांतील वडील माणूस जवळ असावें.

कारखानदारांविषयीं आमची तक्रार कायम आहे. ‘गिटार हीरो’ चालविणारा विभाग २०११ मध्यें बंद झाला, आणि घरोघरच्या गिटारी दुकानदाराच्या आधारावांचून राहिल्या. सुटा स्विच, सुटी पट्टी, सुटें पेडल विकत मिळण्याची सोय असती, तर त्यांतील किती तरी वांचल्या असत्या. आज चाहत्यांनींच रचलेल्या ‘क्लोन हीरो’ या मोफत खेळामुळें त्या जुन्या गिटारींस पुन्हा मागणी आली आहे. कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पडून असेल, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं ती एकदां खालीं काढावी, जुने सेल आधीं बाहेर घ्यावे, आणि मग स्क्रू सोडवून आंत पाहावें.