विश्लेषण : लंडनहून तलवार आली, धारूरच्या तटबंदीचे काय? सांस्कृतिक मंत्र्यांच्या हातात नेमके असते तरी काय?

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पुढच्याच महिन्यात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत दाखल झाली. दोन्ही वेळी सरकारचा चेहरा एकच होता, सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार. पण बीड जिल्ह्यातून पाहिले तर प्रश्न वेगळा पडतो. किल्ले धारूर, खजाना विहीर आणि अंबाजोगाईच्या लेण्यांसाठी हे खाते काय करू शकते?

कोण आहेत आशिष शेलार?

जन्म १९७२ चा, शिक्षण कायद्याचे. विद्यार्थी परिषदेतून राजकारणात आले आणि मुंबई महापालिकेत नगरसेवक झाले. २००९ मध्ये वांद्रे पश्चिममधून बाबा सिद्दिकी यांच्याकडून थोडक्यात हरले. २०१२ मध्ये विधान परिषदेवर गेले. २०१४ मध्ये त्याच मतदारसंघात सिद्दिकी यांना हरवून आमदार झाले आणि २०१९, २०२४ मध्येही जिंकले. मुंबई भाजपचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा सांभाळले. मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष आणि बीसीसीआयचे खजिनदारही ते होते. २०१९ मध्ये काही महिने शालेय शिक्षणमंत्री होते. डिसेंबर २०२४ पासून त्यांच्याकडे माहिती तंत्रज्ञान आणि सांस्कृतिक कार्य ही दोन खाती आली.

हे खाते जोडीलाच का येते?

२०१४ पासूनची नावे पाहा. विनोद तावडे यांच्याकडे शिक्षण खातेही होते. शेजारच्या लातूरचे अमित देशमुख यांच्याकडे वैद्यकीय शिक्षण होते आणि त्यांचा बराचसा काळ कोरोनात गेला. सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे वने होती. म्हणजे एकाही मंत्र्याकडे सांस्कृतिक कार्य हे एकटे खाते नव्हते. मंत्र्याचा वेळ वाटला गेला की ज्या कामाला तारीख आणि समारंभ असतो ते आधी होते. भिंत उभी राहिली म्हणून सत्कार होत नाही. ती कोसळली की मात्र बातमी होते.

लंडनचा संबंध कुठे येतो?

इंग्रज राजवटीत गेलेल्या अनेक वस्तू तिथल्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत आहेत. त्या परत आणण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. मुनगंटीवार यांच्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार झाला. शिवकालीन म्हणून ओळखली जाणारी वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, पण तीन वर्षांसाठी उसनी. रघुजी भोसले यांची तलवार राज्याने लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. त्यामुळे ती आता राज्याच्या मालकीची आहे.

धारूर यादीत का नाही?

युनेस्कोच्या यादीसाठी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ हा विषय होता. त्यात रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह राज्यातील ११ किल्ले आणि तामिळनाडूतील जिंजी आहे. धारूरचा किल्ला आदिलशाहीत, सोळाव्या शतकात बांधला गेला. त्या विषयात तो बसला नाही, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. बीडजवळची निजामशाही काळातील खजाना विहीरही तशीच. भुयारी कालव्यांतून शेतीला पाणी देणारी ही रचना दुष्काळी जिल्ह्यात अभियांत्रिकीचा धडाच आहे. पण गडांच्या गर्दीत विहिरीची आठवण कोणाला होते?

मुकुंदराज कोणत्या खात्यात?

‘विवेकसिंधु’ हा आद्य मराठी ग्रंथ परंपरेने शके १११० म्हणजे इ.स. ११८८ चा मानला जातो. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते. दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडीही याच गावची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा अंबाजोगाईकरांना अभिमान वाटणे साहजिक होते. पण राज्यात मराठी भाषा विभाग वेगळा आहे. पुरातत्त्व आणि पुराभिलेख सांस्कृतिक कार्य विभागाकडे आहेत. यात्रेकरूंच्या सोयी पर्यटन किंवा ग्रामविकासकडे जातात. एका गावच्या वारशासाठी इतकी दारे ठोठवावी लागतात.

मग बीडकरांनी विचारायचे काय?

पहिला प्रश्न, आपल्या गावचे स्मारक संरक्षित आहे का? राज्याच्या १९६० च्या कायद्यानुसार आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात आणि मग अंतिम अधिसूचना निघते. ती नसेल तर पुरातत्त्व विभागाचे हात बांधलेले असतात.

दुसरा प्रश्न पैशांचा. जिल्हा वार्षिक योजनेतून गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी तीन टक्के निधीची तरतूद आहे. हा निर्णय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत होतो. म्हणजे दरवेळी मुंबईकडे बोट दाखवायची गरज नाही.

तिसरा प्रश्न कामाच्या दर्जाचा. जुनी तटबंदी चुन्यात बांधलेली असते. तिच्यावर सिमेंट थापले की आतला ओलावा कोंडतो आणि दगड सुटू लागतात. म्हणून कंत्राट कोणाला मिळाले याइतकेच, काम चुन्यात होते आहे का आणि पुरातत्त्व विभागाचा माणूस जागेवर आहे का, हेही विचारायला हवे.

तलवार परत आली याचा आनंद आहेच. पण ती काचेच्या पेटीत सुरक्षित राहील. धारूरचा तट मात्र दर पावसाळ्याला उघड्यावर उभा असतो.