रिकामा गाभारा

मुलांनो, ज्या देवळाच्या गाभाऱ्यात मूर्तीच नाही, अशा देवळाची गोष्ट ऐकलीय का तुम्ही?

इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँपी नावाच्या रोमन सेनापतीनं जेरुसलेम शहर जिंकलं. तिथं यहुदी लोकांचं मोठं मंदिर होतं. त्याच्या अगदी आतल्या खोलीत वर्षातून एकाच दिवशी जायची परवानगी, आणि तीही फक्त मुख्य याजकाला. पाँपी मात्र बेधडक आत शिरला. पाहतो तर काय, आत मूर्ती नाहीच!

देवाची मूर्ती करायची नाही, अशी त्यांच्या धर्माची आज्ञा होती. मग पूजा कशाची आणि कशी? तर अंगणातल्या वेदीवर रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक कोकरू अर्पण करायचं. आत सात फांद्यांची समई तेवायची, धूप जळायचा. दर शनिवारी बारा ताज्या भाकरी मांडायच्या. हातून चूक झाली, तर माणसानं मेंढी किंवा शेळी आणायची. ऐपत नसेल तर दोन पारवे. तेवढंही जमत नसेल तर थोडंसं पीठ! गरिबाला दार बंद नव्हतं.

पण एक मोठी अडचण होती. नियम असा, की बळी द्यायचा तो याच मंदिरात. आणि मंदिरच राहिलं नाही तर? तसंच झालं. पहिलं मंदिर इ. स. पूर्व ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्यानं पाडलं. पुढे ते पुन्हा बांधलं, पण इ. स. ७० मध्ये रोमन सैन्यानं तेही जाळलं. वेदी गेली, समई गेली. आता पूजा संपली म्हणायची का?

नाही! बळी देण्याच्या वेळा होत्या, त्या प्रार्थनेच्या वेळा झाल्या. जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून कुठूनही प्रार्थना करता येई. आणि शनिवारी काम बंद ठेवायला ना वेदी लागते, ना याजक.

याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. तिथल्या बेने इस्राएल लोकांकडे कित्येक पिढ्या धर्मग्रंथ नव्हते. ते तेलाचे घाणे चालवत. पण शनिवार आला की घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ‘शेमा’ ही जुनी प्रार्थनाही त्यांनी तोंडपाठ जपली. पुढे १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपलं पहिलं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, उभारलं. तिथंही मूर्ती नाही. कपाटात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असतात.

दगडी मंदिर पाडता येतं; पण घाण्याचा बैल शनिवारी सोडून ठेवायची सवय कोण पाडणार?

आता एक काम करा. तुमच्या घरातला एखादा सण घ्या. त्यातलं सगळं सामान बाजूला काढलं, तर काय उरेल? आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.