बिगुलाचे तीन स्वर

२५ नोव्हेंबर १९६३ रोजी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत जॉन केनेडींच्या अंत्यविधीला सार्जंट कीथ क्लार्क बिगूल घेऊन उभा होता. अमेरिकी लष्कराच्या बँडमधला तो मुख्य बिगुलवादक. ‘टॅप्स’ ही चोवीस स्वरांची धून त्याच्या ओठांवर बसलेली होती. पण थंडीत फार वेळ ताटकळून ओठ गारठले होते आणि सलामीच्या फैरी त्याच्या अगदी जवळ झडल्या होत्या. त्याने सुरुवात केली, प प सा, प सा, आणि सहावा स्वर, वरचा गंधार, फुटला. क्षणभरच. उरलेले अठरा स्वर त्याने स्वच्छ वाजवले. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या अनेकांना त्या वेळी बिगुलालाच हुंदका आला असं वाटलं. वादक म्हणून क्लार्कच्या लेखी मात्र ती चूकच होती.

गाण्यात स्वर लागणं न लागणं याला आपण फार जपतो आणि ते योग्यच आहे. तरीही या एका न लागलेल्या गंधाराने जे साधलं ते बिनचूक वादनाने साधलं असतं का, याची मला शंका आहे. हुतात्म्यांच्या स्मरणाच्या वेळी संगीत आपल्यावर नेमकं काय करतं, हे समजून घ्यायला मला या प्रसंगाइतका चांगला दुसरा ठाऊक नाही. म्हणून आज या सदरात कुठलाही गायक नाही, मैफल नाही. एक बिगूल आहे.

हे वाद्य अतिशय गरीब आहे. वळवलेली धातूची नळी, पुढे फुलासारखं उमललेलं तोंड, मागे फुंकायचा मुखदांडा. बासरीसारखी भोकं नाहीत, ट्रम्पेटसारख्या कळा नाहीत. ओठांचा ताण कमीजास्त करून नळीतून जे स्वर निसर्गतः निघतात तेवढेच हाताशी: खालचा सा, प, मधला सा, ग आणि वरचा प. म्हणजे नावं घ्यायची तर तीनच, सा, ग, प. रे नाही, म नाही, ध-नी नाही. आपल्याकडे राग म्हटला की निदान पाच स्वर हवेत असा दंडक. मालश्रीसारखा एखादाच राग मुख्यतः या तीन स्वरांवर उभा राहतो आणि म्हणूनच तो पेलायला अवघड मानतात. बिगुलाला तर मींडही नाही, गमकही नाही, सोबतीला तानपुरा नाही, ताल नाही. करुण रस उभा करण्यासाठी आपले गायक जी जी साधनं वापरतात, त्यातलं एकही बिगुलवादकाकडे नसतं. दम आणि ओठ एवढंच. स्वर धरला की तो तसाच सरळ धरून ठेवायचा आणि सोडायचा. आपल्या ओळखीचं कोमल स्वरांचं दुःख इथे नाहीच. तिन्ही स्वर शुद्ध, उजेडातले. तरी ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो.

असं का होतं, याचं उत्तर स्वरांइतकंच त्या धुनीच्या नोकरीत आहे. भारतीय लष्करात आणि ब्रिटिश परंपरेतल्या इतर सैन्यांत जी ‘लास्ट पोस्ट’ वाजते, ती मुळात शोकाची धून नाही. छावणीत रात्री पहाऱ्याच्या चौक्यांची तपासणी सुरू झाली की एक इशारा व्हायचा आणि शेवटच्या चौकीची तपासणी संपली की दुसरा. तो दुसरा इशारा म्हणजे ही धून. सगळे जागच्या जागी आहेत, दिवस संपला, आता झोपा. पुढे एकोणिसाव्या शतकात ती सैनिकांच्या अंत्यविधीत आली. अमेरिकेची ‘टॅप्स’देखील तशीच. यादवी युद्धात, १८६२ मध्ये, जनरल डॅनियल बटरफील्डने ती आपल्या तळावर दिवे मालवण्याचा इशारा म्हणून बसवून घेतली.

सैनिक जिवंत असताना बिगुलानेच उठतो, बिगुलानेच जेवायला आणि कवायतीला जातो, बिगुलानेच झोपतो. त्याच्या स्मारकासमोर पुष्पचक्र वाहून झाल्यावर ही धून वाजते, तेव्हा ती आपल्यासाठी वाजत नसते. अख्ख्या कार्यक्रमात मेलेल्या माणसाला उद्देशून म्हटलेली तेवढी एकच गोष्ट असते. भाषणं आपल्याला उद्देशून, गाणी आपल्याला उद्देशून, निवेदकाच्या चारोळ्या तर नक्कीच आपल्यासाठी. बिगूल त्याला सांगतो की तुझा पहारा संपला. आपण आगंतुकासारखे दुसऱ्याला आलेला निरोप ऐकतो आणि म्हणून हलतो, असं माझं मत आहे.

बेल्जियममधल्या ईपर गावाने हे जितकं नीट ओळखलं तितकं क्वचित कुणी ओळखलं असेल. पहिल्या महायुद्धात ज्या वाटेने सैनिक आघाडीवर जात, तिथे १९२७ मध्ये मेनिन गेट ही प्रचंड कमान उभी राहिली. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिच्या भिंतींवर आहेत. त्यांत भारतीय सैन्यातली चारशेच्या वर नावं आहेत. १९२८ पासून तिथे रात्री आठला लास्ट पोस्ट वाजू लागली. त्या वेळी कमानीखालचा रस्ता बंद करतात आणि वाजवणारे असतात गावच्या अग्निशमन दलाशी जोडलेले स्वयंसेवक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव गेलं तेव्हाची चार वर्षं खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश सैन्याने गाव सोडवलं आणि त्याच संध्याकाळी बिगूल पुन्हा वाजला. २०१५ च्या जुलैत तीस हजारावी लास्ट पोस्ट झाली. या विधीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं पाहुण्यांना सांगितलं जातं. पाऊस असो, चार माणसं असोत की हजार, धून तीच आणि तेवढीच. ती कधी वाढवली नाही, नव्या वाद्यमेळात सजवली नाही. मला त्या गावाच्या या संयमाचं अतोनात कौतुक वाटतं.

आपला त्या भूमीशी संबंध पुस्तकी नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात ४७ शीख पलटणीबरोबर घुसल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी ही कारागीर माणसं. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं लढायला लावलं आणि दोन्ही कंपन्यांची दाणादाण उडाली. त्याच नव्ह शापेलला १९२७ मध्ये भारतीय सैनिकांचं स्मारक झालं, तिथे ४७०० हून अधिक नावं आहेत. मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि आकडा आला. आपल्याकडे कोकणात आणि देशावर अजून कितीतरी गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही नाव नाही.

नाव नसलेल्या माणसाचं भाषण कसं करणार? पोवाडा कसा रचणार? पोवाड्याला नायक लागतो, प्रसंग लागतो. अज्ञानदासाने अफजलखान वधावर रचला, तुळशीदासाने सिंहगडावर रचला, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने आजही शाहीर उभा राहिला की अंगावर काटा येतो. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिचं काम स्फुरण चढवण्याचं आहे. पाटीवरच्या आकड्यातल्या माणसाला शब्द पुरत नाहीत. तीन स्वर पुरतात, कारण ते सुभेदाराला आणि शिपायाला, नाव असलेल्याला आणि नसलेल्याला सारखेच वाजतात.

आता आपल्या तालुक्या-तालुक्यांतल्या कार्यक्रमांबद्दल लिहायलाच हवं. कारगिल विजय दिनाला एका गावी गेलो होतो. सकाळपासून ध्वनिक्षेपकाचे मोठे डबे लावून देशभक्तीची गाणी चालू. पुढच्या रांगेत वीरमाता आणि वीरपत्नी बसवल्या होत्या. एक आजी डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवर ओढून बसल्या होत्या, कारण ध्वनिक्षेपक त्यांच्यापासून चार हातांवर होता. पुष्पचक्र वाहून झालं, लास्ट पोस्ट मोबाइलवरून लावली गेली, ती संपली. दोन मिनिटं स्तब्धता, असं निवेदकाने जाहीर केलं. अर्धं मिनिटही झालं नसेल, तोच ध्वनिक्षेपकवाल्याने पुढचं गाणं सोडलं. कुणी रागावलं नाही, कुणाच्या ते फारसं लक्षातही आलं नाही. आजींनी जोडलेले हात मात्र खाली घेतले नाहीत. गाणं पहिल्या कडव्यापर्यंत गेलं तरी त्या तशाच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आठवायला आपण त्यांना अर्धं मिनिट दिलं.

ही स्तब्धता धुनीचाच भाग आहे. १९१९ च्या ११ नोव्हेंबरला ब्रिटिश साम्राज्यभर पहिल्यांदा दोन मिनिटांचं मौन पाळलं गेलं. पुढे रूढ झालेला क्रम असा: लास्ट पोस्ट, मग मौन, मग उठण्याचा इशारा देणारी ‘राउझ’. झोप, रात्र, पहाट. मधली रात्र कापून टाकली की दोन्ही धुनी नुसत्या वाजंत्री होतात. बिगुलाचा शेवटचा स्वर हवेत विरतो तेव्हा कान त्याच्यामागे जातो आणि तो नाहीसा झाल्यावर तिथेच थांबतो. दुःखाला उतरायला तेवढीच जागा मिळते.

गाण्यांना माझा विरोध नाही. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लताबाईंनी गायलं, तेव्हा चीनबरोबरच्या युद्धाची जखम ओली होती. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची. त्या चालीची सुरुवात पुन्हा ऐका. ताल नाही, घाई नाही, मोकळ्या आलापीसारखे शब्द येतात आणि ठेका फार उशिरा येतो. त्या थोर संगीतकाराला मौनाची किंमत पुरेपूर ठाऊक होती. तेच गाणं आपण माइक तपासायला आणि पाहुणे येईपर्यंतचा वेळ भरायला वापरतो, याचा मला संताप येतो. आणि ते गाणं नावापासूनच लोकांना हाक मारतं, जिवंतांना. म्हणून त्याची जागा राउझनंतर. आधी गेलेल्याचा निरोप, मग आपल्याला हाक.

बिगूल परका, ब्रिटिशांचा, असं म्हणणारे भेटतात. २०२२ मध्ये दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ ही धून गेली आणि तिच्या जागी सी. रामचंद्रांची हीच चाल आली. त्या चालीचा मान वाढला याचा आनंद झाला, पण जुनी धून गेल्याचं वाईटही वाटलं. गांधीजींची ती आवडती प्रार्थना, आणि विजय चौकात ती वर्षानुवर्षं वाजवली ती भारतीय वादकांनी. दोन्ही नांदल्या असत्या. बिगुलाचं म्हणाल तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या बोधचिन्हातच तो आहे. विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळाला ढोलाचे इशारे पोचत नसत, म्हणून बिगूल आला. आपल्या माणसांनी तो मरणाच्या तोंडावर ऐकला आहे. त्याहून वेगळी मालकी काय असते?

अमेरिकेत बिगुलवादक कमी पडू लागले, तेव्हा २००३ च्या सुमारास बिगुलाच्या तोंडात बसणारं एक यंत्र आलं. माणूस बिगूल ओठांना लावून नुसता उभा राहतो आणि आतून आर्लिंग्टनला ध्वनिमुद्रित केलेली निर्दोष ‘टॅप्स’ वाजते. अडचण खरी आहे, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण त्या यंत्राचा गंधार कधीच फुटणार नाही. समोर एक माणूस श्वास रोखून उभा आहे, त्याचा स्वर कोणत्याही क्षणी तुटू शकतो आणि तरी तो धरून ठेवतो आहे, हे आपण ऐकत असतो तेव्हाच ती धून आपली होते.

आपल्याकडे वादकांची अडचण एवढी मोठी नाही. बहुतेक जिल्ह्यांत पोलिसांचा बँड आहे, एनसीसीची मुलं आहेत, माजी सैनिकांत पलटणीत बिगूल वाजवलेले निवृत्त लोक आहेत आणि त्यांना बोलावलं तर ते येतात. सहा महिने रोज अर्धा तास दिला तर अकरावीतली एखादी मुलगी लास्ट पोस्ट वाजवू शकेल. शिकवायला जवळचा एखादा हवालदार आनंदाने तयार होईल. येत्या २६ जुलैच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी आयोजकांनी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी एवढं करावं: भाषणं आधी उरकावीत, वादक प्रत्यक्ष उभा करावा, लास्ट पोस्टच्या आधी ध्वनिक्षेपकाची मुख्य वायर काढून ठेवावी, हातातल्या घड्याळावर पूर्ण दोन मिनिटं मोजावीत, मग राउझ, आणि त्यानंतर वायर परत जोडून हवी तेवढी गाणी लावावीत. वीरमातांच्या खुर्च्या डब्यांपासून लांब ठेवाव्यात. आणि वादकाचा स्वर फुटला तर कुणीही मागे वळून हसू नये, हे मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.