शाल नको, तिकीट काढा

मुलगी पाहण्यासाठी पाहुणे येतात. तिला समोर बसवून नाव, शिक्षण, उंची विचारतात. पोहे खातात, चहा घेतात आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जातात. हा प्रसंग ज्या घराने अनुभवला नाही असे घर आमच्या विदर्भात शोधूनच काढावे लागेल. तोच प्रसंग जयंत दिगंबर सोमलकर या दिग्दर्शकाने चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, कॅमेऱ्याची कसलीही सवय नसलेल्या स्थानिक माणसांकडून, त्यांच्याच बोलीत उभा करून घेतला आणि ‘स्थळ’ या नावाने जगापुढे ठेवला. २०२३ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला नेटपॅक पारितोषिक मिळाले. येथल्या चित्रगृहांत मात्र तो लागला ७ मार्च २०२५ रोजी, आणि तोही सचिन पिळगावकर यांच्यासारख्या ख्यातनाम कलावंताने प्रस्तुतकर्ता म्हणून आपले नाव दिल्यावर. म्हणजे कॅनडातील रसिकाने चंद्रपूरची व्यथा पाहिली, त्यानंतर तब्बल दीड वर्षाने चंद्रपूरच्या रसिकाला तिचे तिकीट काढता आले. छत्रपाल निनावे यांच्या ‘घात’ची कथा काही निराळी नाही. नक्षलग्रस्त अरण्यातील भय आणि संशय रंगविणारा हा मराठी चित्रपट फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला आणि महाराष्ट्रातील चित्रगृहांत पोहोचला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. आमच्या अरण्याला बर्लिन जवळ आणि वरोरा दूर, असा हा भूगोल आहे.

आम्ही हा विषय काढतो तो भद्रावतीसाठी. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरील या गावाला रेल्वे आजही भांदक म्हणूनच ओळखते. विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देऊळ येथे एका फेरीत पाहून होतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा ताम्रपट याच गावी सापडला. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ काढून येथल्या कुंभारकामाला नवे वळण दिले. आयुधनिर्माणीमुळे अनेक प्रांतांतील कामगारांची कुटुंबे येथे येऊन राहिली, आणि भोवती कोळशाच्या खाणी पसरल्या. एवढे सारे एका तालुक्यात असताना तेथे कथानकाचा दुष्काळ पडण्याचे कारण नाही. आणि तो पडलेलाही नाही. खिशातल्या मोबाईलवर लघुपट काढणारी मुले आज विदर्भातील कोणत्याही गावात भेटतात. चित्रीकरण सुटीच्या दिवशी, संकलन मित्राच्या संगणकावर, नायिका म्हणून चुलत बहीण आणि खलनायक म्हणून किराणा दुकानदार, असा त्यांचा संसार असतो. या मुलांचे आपण काय करतो, हा आमचा प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्याला पाठ आहे. आपण त्यांचा सत्कार करतो. लघुपटाला कोठे लहानसे बक्षीस मिळाले की व्यासपीठ उभारले जाते, शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले जाते, चार भाषणे होतात, आणि वक्त्यांपैकी एकानेही तो लघुपट पाहिलेला नसतो. दुसऱ्या दिवशी आमच्यासारखी वृत्तपत्रे त्या सत्काराचे छायाचित्र छापतात. त्यात पुढारी मध्यभागी असतो आणि दिग्दर्शक कडेला. मुंबईच्या नटाच्या विवाहाला आम्ही अर्धे पान देतो आणि गावच्या लघुपटाला तीन ओळी, हा दोष आमच्या पदरातही आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण ज्या तरुणाच्या घरी अशा शालींची चळत साठली, त्याला पुढच्या चित्रीकरणासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र दोन दिवस भाड्याने आणायचे असले, तर त्यातील एकही शाल त्याच्या कामी येत नाही.

कलेला लोकाश्रय कसा द्यावा हे या प्रदेशाला कोणी शिकवावे, अशी स्थितीच नाही. भद्रावतीहून पूर्वेकडे वैनगंगेच्या अंगाने गेले की झाडीपट्टी लागते. धानाची कापणी उरकली की तेथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे केंद्र. गावचे मंडळ नाटक मंडळीशी ठराव करते, मांडव घालते, तिकिटे विकते, आणि थंडीत घोंगड्या पांघरून बसलेला प्रेक्षक रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी परततो. नट, वादक, रंगभूषाकार आणि पडदेवाला या साऱ्यांचे पोट त्या हंगामावर चालते. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु झाडीपट्टी त्यापूर्वीही जिवंत होती आणि ती पुरस्कारांवर जगली नव्हती. ती जगली ती तिकिटावर. पुण्यामुंबईच्या समीक्षकांनी तिच्याकडे नाक मुरडले तरी तिचा मांडव रिकामा राहिला नाही. नाटकासाठी जे गाव हे करू शकते, ते चित्रपटासाठी का करू नये?

येथे कोणी म्हणेल की पैसाच हवा असेल तर तो उभा करण्यास चंद्रपूर जिल्हा दरिद्री नाही. खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, पुढाऱ्यांचे वाढदिवस आहेत. आम्हांला नेमकी भीती वाटते ती याच सोयीची. ज्याच्या हातून पैसा येतो, त्याच्या डोळ्यांनी चित्र पाहावे लागते. खुल्या खाणीच्या तोंडाशी आलेल्या गावाचे उदाहरण घ्या. बरांजच्या पुनर्वसनाचा वाद या तालुक्याला वर्षानुवर्षे परिचित आहे. गाव उठते तेव्हा घरांची मोजणी होते, झाडांची मोजणी होते, मोबदल्याचे कागद तयार होतात. परंतु पोळ्याला बैल कोणत्या वाटेने मिरवत, विहिरीवर कोण कोणाशी बोलत नसे, म्हातारी कोणत्या लिंबाखाली बसत असे, याची नोंद भूसंपादनाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. ती एखादा तेथलाच मुलगा कॅमेऱ्याने करील तर होईल, आणि गाव उठण्यापूर्वी करील तरच होईल. हा चित्रपट खाणमालकाच्या देणगीतून निघेल काय? निघालाच, तर त्यात म्हातारी काय बोलेल आणि काय बोलणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

म्हणून आम्ही म्हणतो की स्वतंत्र चित्रपटाला आश्रय हवा तो एका मोठ्या हाताचा नव्हे, अनेक लहान हातांचा. याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ निघाला तो गुजरातमधील ५ लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले म्हणून. अर्थात तो त्यांच्याच सहकाराची कथा सांगणारा होता आणि त्यांची संस्था त्यामागे भक्कम उभी होती, हे विसरून चालणार नाही. त्याहून बिकट वाट केरळात जॉन अब्राहम यांनी धरली. त्यांच्या ओडेसा या गटाने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशांतून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पुरा केला. निर्माता म्हणून त्यांना कोणासमोर हात जोडावे लागले नाहीत. आणि आपल्या महाराष्ट्रात मालेगाव आहे. यंत्रमागाच्या त्या शहरात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि तो पाहायला मालेगावच लोटले. या मंडळींवर रीमा कागती यांनी काढलेला हिंदी चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे ‘स्थळ’च्या अगदी एक आठवडा आधी, चित्रगृहांत लागला. मालेगावच्या विडंबनपटांची अभिरुची आम्हांला सर्वस्वी मान्य आहे असे नाही. पण गावाने आपल्या माणसाचा चित्रपट हसत, शिट्या वाजवीत आणि पैसे मोजून पाहिला, ही गोष्ट मोठी आहे.

सरकारने काय करावे? मराठी चित्रपटांना राज्य शासनाचे अनुदान आहे आणि त्याने अनेक निर्मात्यांना हात दिला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते मिळते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. ज्याच्यापाशी चित्रपट पूर्ण करण्याइतके पैसे आहेत त्याला ते उपयोगी. ज्याचे पैसे निम्म्या चित्रीकरणातच संपले त्याला नव्हे. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ असाच अर्ध्यावर अडला होता. त्या वेळी पश्चिम बंगाल सरकार मदतीस धावले, आणि नाव रस्त्याचे म्हणून ती रक्कम रस्तेसुधारणेच्या खात्यातून निघाली, हा किस्सा प्रसिद्धच आहे. चित्रपट १९५५ मध्ये पडद्यावर आला. परीक्षण झाल्यावरच पैसे देऊ असे कलकत्त्याच्या सचिवालयाने तेव्हा म्हटले असते, तर अपू आणि दुर्गा काशफुलांतून धावत आगगाडीपर्यंत पोहोचलीच नसती. अनुदानाचा काही अंश पटकथा आणि प्रत्यक्ष चित्रित केलेला भाग पाहून मध्येच द्यावा, एवढी साधी मागणी शासनाने मान्य करण्यास हरकत नसावी.

खाणींच्या पैशाविषयी वर आम्ही कठोर लिहिले. तरी एका बाबतीत आमचा विरोध नाही. २०१५ पासून खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि चंद्रपूरच्या प्रतिष्ठानाकडे कोळशामुळे पैसा येतो. पिण्याचे पाणी आणि आरोग्य यांचा त्यावर पहिला हक्क आहे, त्यातील पैही कोणी हलवू नये. परंतु त्याच यादीत कौशल्यविकासही आहे. कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही कौशल्ये नव्हेत काय? भद्रावतीच्या मुलांना ती शिकविण्यासाठी तो पैसा जरूर वापरावा. यंत्र हाताळायला शिकवावे. ते कोणाकडे रोखायचे हे मात्र सांगू नये.

मुख्य काम मात्र गावाचे आहे, आणि ते आम्हांला असे दिसते. महिन्यातून एका शनिवारी सभागृहात स्थानिक चित्रपटांचा खेळ व्हावा. नगरपरिषदेने त्या दिवसाचे भाडे घेऊ नये, आणि भाडे घेतले नाही म्हणून व्यासपीठावर खुर्च्याही मांडू नयेत. तिकीट ५० रुपये असावे. २०० माणसे आली तर महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० रुपये होतात. यात ‘स्थळ’ निघणार नाही. पण काटकसरीने काढलेल्या काही लघुपटांचे ध्वनिमुद्रण, प्रवास आणि नटमंडळींचे जेवण निश्चित भागेल. पुढचा लघुपट कोणाचा, हे तिकीट काढणाऱ्यांनीच ठरवावे. एक अडचण आम्ही आधीच सांगून ठेवतो: १९५२ च्या कायद्याप्रमाणे चित्रपट जाहीरपणे दाखविण्यास प्रमाणपत्र लागते, मग तो २० मिनिटांचा का असेना. त्याचा अर्ज आता संगणकावरून करता येतो, तरी ती कागदपत्रे पाहून पोरे गांगरतात. गावातील एखाद्या वकिलाने किंवा निवृत्त शिक्षकाने एवढे काम अंगावर घेतले तर त्याचे मोल देणगीहून अधिक होईल.

प्रेक्षकांनीही एक पथ्य पाळावे. आपल्याच गावचा मुलगा म्हणून वाईट चित्रपटाला चांगला म्हणू नये. ‘स्थळ’मधील माणसे लक्षात राहतात ती चंद्रपूरची आहेत म्हणून नव्हे, पाहुणे निघून गेल्यावर त्या घरातील शांतता तिच्या खऱ्या मापाने पडद्यावर आली म्हणून. आमची बोली आजवर मराठी पडद्यावर बहुधा हशा पिकविण्यासाठी आणली गेली. तिच्यात रडता येते, भांडता येते, गप्पही बसता येते हे दाखवायला माणूस येथलाच लागला. त्याच्यामागून येणाऱ्यांनी मुंबईच्या गाण्यांची आणि मारामारीची नक्कल केली तर खेळ संपल्यावर त्यांना तसे तोंडावर सांगावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिकीट काढून जावे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून चित्रपटाच्या धंद्यात उडी घेतली, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. १९१३ नंतर शंभरावर वर्षे लोटली तरी होतकरू दिग्दर्शकाला घरचे दागिनेच मोडावे लागत असतील, तर त्या अभिमानात आपला वाटा कोणता?

दिवाळी झाली की वडशाच्या मंडळींच्या तारखा भराभर भरू लागतात. भद्रावतीच्या पहिल्या खेळाची तारीख त्याआधी ठरावी. आमचा प्रतिनिधी त्या दिवशी रांगेत असेल; त्याला मोफत पास देऊ नये, अशी संयोजकांस आमची विनंती आहे.