घरचा मिस्त्री : मूठ सुटली की परत आली पाहिजे

दिवाळी आली की आपण घराचा कोपरान् कोपरा झाडतो, माळ्यावरची भांडी काढून चिंचेने घासतो, ट्रंकेतले कपडे उन्हात घालतो. पण ज्या मोटारसायकलीवर वर्षभर दूध, खत, बायकोमुले आणि पाव्हणेरावळे वाहिले, तिच्या वाट्याला काय येते? दसऱ्याला झेंडूचा एक हार! तोही हँडलला असा घट्ट बांधतात की केबल त्यात आवळली जावी. म्हणजे पूजाही झाली आणि दुखण्याची पायाभरणीही झाली.

यंदा दिवाळी अंकासाठी आलेल्या पत्रांतून आम्ही जेऊरच्या एका वाचकांचे पत्र निवडले आहे. जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. तालुक्याचे गाव करमाळा, पण गाडी धरायची ती जेऊरला. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, भीमेचे पाणी अडले आणि या तालुक्याच्या नदीकाठच्या भागात ऊस आणि केळी आली. त्यांच्यामागोमाग मोटारसायकलीही आल्या. सायकलीवर जाणारी कासंडी मोटारसायकलीवर गेली. मात्र रस्त्याचा फुफाटा होता तिथेच राहिला, आणि आजच्या आपल्या कथेत या फुफाट्याचे काम मोठे आहे.

वाचक लिहितात : “माझी शंभर सीसीची जुनी गाडी आहे. कधी कधी मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. कधी गाडी नुसती उभी असतानाही इंजिन भणभणत राहते. मिस्त्रीने तीन वेळा स्क्रू फिरवून दिला. तो म्हणतो, ‘अण्णा, जुनी गाडी हाय, येवढं-तेवढं चालायचंच.’ दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या मुलीला गाडी शिकवायची आहे. तरी स्क्रू नेमका किती वळसे फिरवावा, ते कळवावे.”

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल : स्क्रूला तूर्त हात लावू नये. अंगात ताप असताना थर्मामीटर झटकून पारा खाली आणावा आणि रोगी बरा झाला म्हणावे, तसलाच हा प्रकार आहे. पण हे पटायचे तर मुठीपासून इंजिनापर्यंत काय काय घडते, ते आधी पाहिले पाहिजे.

आपण मूठ पिळतो तेव्हा एक तारेची केबल ओढली जाते. बाहेर लवचीक नळी आणि तिच्या आत सरकणारी पीळदार तार. ही युक्ती बाउडेन नावाच्या गृहस्थाच्या नावावर १८९६ सालच्या पेटंटात नोंदली आहे, आणि तेव्हापासून सायकलीच्या ब्रेकपासून मोटारसायकलीच्या क्लचपर्यंत तिचेच राज्य चालले आहे. ही तार कार्बोरेटरमधली एक डबीसारखी स्लाइड वर उचलते. स्लाइड वर गेली की हवेची वाट मोकळी होते, स्लाइडच्या बुडाला लावलेली सुई वर सरकून पेट्रोलला वाट देते आणि इंजिन जोर धरते. मूठ सोडली की स्लाइडच्या डोक्यावरची स्प्रिंग तिला खाली ढकलते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की रेस वाढवतो आपला हात, पण कमी करते ती केवळ ही स्प्रिंग. केबलला ओढता येते, ढकलता येत नाही. वाटेत काही अडकले तर स्प्रिंग बिचारी काय करणार?

आता तो स्लोचा स्क्रू. स्लाइड अगदी तळाला टेकली तर इंजिन बंद पडेल, म्हणून तिला किंचित वर धरून ठेवणारा हा टेकू. शंभर सीसीच्या गाड्यांचे इंजिन उभ्या जागी मिनिटाला साधारण १३०० ते १५०० फेरे घेते, आणि तेवढ्यापुरताच हा स्क्रू असतो. स्लाइड जर या टेकूपर्यंत पोचतच नसेल, वरच कुठे अडकत असेल, तर टेकू वर-खाली करून काय साधणार?

म्हणजे पत्रातल्या तक्रारी दोन आहेत. मूठ परत न येणे हा एक रोग, आणि मूठ परत येऊनही रेस चढलेली राहणे हा दुसरा. तोंडवळा सारखा, पण घराणी वेगळी.

पहिल्या रोगाची परीक्षा इंजिन बंद ठेवून करावी. मूठ पूर्ण पिळावी आणि एकदम सोडावी. ती आपोआप, टक्कन आवाज करून परत आली पाहिजे. हँडल सरळ असताना, डावीकडे वळवून आणि उजवीकडे वळवून, अशी तिन्ही वेळा ती तशीच आली पाहिजे. मूठ रेंगाळत आली, किंवा आपल्याला हाताने फिरवून आणावी लागली, तर ती गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही. मग तिचा रंग कितीही झळझळीत असो.

दोष शोधताना मुठीपासून निघावे आणि इंजिनाकडे जावे. आधी पाहावे, की मुठीचे रबर सरकून कशाला घासत तर नाही? शोभेची कव्हरे, हँडलला अडकवलेल्या पिशव्या, दुधाच्या कासंडीच्या दोऱ्या, दसऱ्याचा तो हार, हे सगळे बाजूला करून पाहावे. निम्मी दुखणी इथेच सुटतात. नंतर केबल पाहावी. ती कुठे मुडपली आहे का, टाकीखाली दबली आहे का, हँडल वळवताना ताणली जाते का? इंजिन चालू असताना नुसते हँडल वळवल्याबरोबर रेस चढली, तर दोष केबलच्या मार्गात आहे हे नक्की. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते. ती नसेल तर केबल कायमचीच ओढलेली राहते.

एवढ्याने न भागले तर कार्बोरेटरचे वरचे झाकण काढून स्लाइड केबलसकट बाहेर घ्यावी, ती हाताने सांभाळून धरावी आणि मूठ फिरवून पाहावी. अजूनही जड जात असेल तर चोर केबल किंवा मूठ. केबल मुठीतून सोडवून हाताने ओढली की दोघांतला कोण, ते कळते. केबलच्या तारेचा एक जरी धागा तुटून वर आला असेल, तर ती तेल घालून चालवू नये, नवी घालावी. केबल स्वस्त आहे, हाडे स्वस्त नाहीत.

उलट बाहेर काढल्यावर मूठ लोण्यासारखी फिरली, तर चोर स्लाइड. इथे आपला फुफाटा पुढे येतो. ‘पिकअप वाढतो’ म्हणून एअर फिल्टर काढून फेकणारे शूर आपल्याकडे पुष्कळ आहेत. मग करमाळ्याच्या वाटेवरची सारी धूळ थेट कार्बोरेटरात जाते, पेट्रोलच्या चिकट्याशी तिचा लगदा होतो आणि स्लाइड त्यात रुतते. स्लाइड आणि तिची विहीर पेट्रोलने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करावी. हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. जवळ बिडी, चूल आणि या दिवसांत फटाका नको. स्लाइडला ग्रीस मुळीच लावू नये. ते धुळीला आमंत्रण आहे. स्लाइडवर खोल चरे पडले असतील तर ती बदलावी.

आणि बसवताना सर्वांत जास्त जपावे. स्लाइडच्या अंगावर एक उभी खाच असते, ती आतल्या खिळ्यावर नेमकी बसली पाहिजे. बुडाशी जी कापलेली बाजू असते, ती एअर फिल्टरकडे यावी. उलटी बसवली तर स्लाइड वरच अडकते आणि किक मारल्याबरोबर इंजिन किंकाळी फोडते. म्हणून झाकण लावल्यावर आधी इंजिन बंद असतानाच मुठीचा ‘टक्’ ऐकावा, मग किक मारावी.

आता दुसरा रोग. मूठ नीट परत येते, पण रेस उतरत नाही. प्रथम चोक पाहावा. सकाळच्या गारठ्यात ओढलेला चोक दुपारपर्यंत तसाच राहिलेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. चोक ठीक असेल तर गाडी ‘हवा घेते’ का, ते पाहावे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाचे रबर किंवा ओरिंग उन्हाने आणि वयाने चिरते. त्या चिरेतून चोरून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि मूठ सोडल्यावर रेस सावकाश, रेंगाळत उतरते. परीक्षा सोपी आहे : इंजिन स्लोवर चालू ठेवून जोडावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज बदलला की चीर सापडली. रबर बदलावे, एम-सील लावून दिवस काढू नयेत.

स्क्रूची खरी कथा मात्र पुढेच आहे. स्लो जेटचे बारीक भोक कचऱ्याने बुजले की गाडी उभ्या जागी बंद पडू लागते. मिस्त्री घाईत असतो, तो स्क्रू आवळून स्लाइड वर उचलतो. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश होते. चार दिवसांनी कचरा आपोआप सुटला की रेस चढते. मग स्क्रू सैल होतो, पुन्हा कचरा, पुन्हा स्क्रू! आमच्या वाचकांच्या तीन फेऱ्यांचे रहस्य बहुधा हेच असावे. जेट साफ करा, जोड पाहा, चोक पाहा, आणि सगळे झाल्यावर, इंजिन चांगले तापल्यावर, शेवटी स्क्रू. तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? २००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक भारी किमतीची मोटार अशीच सुसाट सुटली आणि तीतली चारही माणसे गेली. तपासात निघाले काय, तर पायाखालचे रबरी पायपुसणे नीट बसलेले नव्हते आणि एक्सिलरेटरचे पेडल त्यात अडकले होते. पुढे जानेवारी २०१० मध्ये टोयोटा कंपनीने रेंगाळणाऱ्या पेडलासाठी अमेरिकेतल्या सुमारे २३ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे क्षुल्लक वाटले नाही, ते आपण क्षुल्लक मानू नये.

चालत्या गाडीत मूठ अडकलीच तर? क्लच पूर्ण दाबावा, दोन्ही ब्रेक लावावेत आणि स्विचने इंजिन बंद करावे. किल-स्विच नसेल तर किल्ली फिरवावी, पण हँडल लॉक होईल इतकी नव्हे. इंजिन ओरडेल, त्याला ओरडू द्यावे. बिनगिअरच्या स्कूटरला हाताचा क्लच नसतो. तिची रेस चढलेली असेल तर स्टँडवरून काढताच ती उडी मारते. तिथे स्विच आणि दोन्ही ब्रेक हाच आधार. ज्यांना एटीव्ही म्हणतात, त्या फुगीर चाकांच्या चारचाकी फटफट्यांचेही शास्त्र हेच. मुठीऐवजी अंगठ्याचा खटका, एवढाच फरक. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे. त्यांची स्लो यंत्रच सांभाळते, तिथे घरी खटाटोप करू नये. पण मुठीची परीक्षा त्यांनाही लागू आहे.

जेऊरच्या अण्णांना एवढेच सांगणे, की मुलीला गाडी अवश्य शिकवा. मात्र पहिला धडा किकचा नको, मुठीचा असू द्या. गाडीवर बसण्याआधी तिने रोज हँडल तिन्हीकडे वळवून मूठ पिळावी, सोडावी आणि तो ‘टक्’ ऐकावा. ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी कॉलेजला एस. टी.ने जावे. उसाच्या ट्रॉल्या आता रस्त्यावर येतील, त्यांच्यामागून जाताना मूठ आपल्या हुकमतीतच असली पाहिजे.

सर्व वाचकांना दिवाळी सुखाची आणि प्रवास सुखरूप होवो.