संवादबंदी म्हणजे संरक्षण नव्हे

मुलांनी संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकावे, परंतु परस्परांशी बोलू नये, असा उपदेश काही पालक करीत असतात. हा उपदेश भ्रामक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी ‘स्क्रॅच’ हे संकेतस्थळ खुले केले. तेथे एकाने प्रसिद्ध केलेली कृती दुसरे मूल उघडून पाहते, तीत फेरफार करून नवी रचते. मूळ कर्त्याचा उल्लेख मात्र कायम राहतो. शिक्षण याहून निराळे ते काय? तेथे खासगी निरोपांची सोयच नाही. अभिप्राय सर्वांसमक्ष द्यावा लागतो. अपशब्दांचा धोका खरा आहे. परंतु त्यावर जागरूक देखरेख हाच उपाय होय, मुस्कटदाबी नव्हे. ज्ञान वाटून घेण्याचा हक्क मुलांनाही आहे. तो हिरावून घेणारे रक्षक कसले?