हयेच्या नावाखाली किती दिवस गप्प बसायचं?

जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाळी कुणाची, हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही निषेध झाला. तिथेच मी विचारलं, आपल्या शाळेत पॅड मिळतात का? पाचवी-सहावीत पाळीबद्दल कुणी सांगतं का? उत्तर आलं, "भाई, बेशरमी की बातें ग्रुप में मत करो."

बेशरमी? लोकांनी रसूलुल्लाहना (स.) हैजबद्दल विचारलं आणि उत्तर थेट कुरआनात आलं, सूरह बकरा, आयत 222. फिकहच्या किताबांत हैज आणि तहारतीच्या मसल्यांना पानंच्या पानं दिली आहेत. तोच विषय विज्ञानाच्या बाईंनी वर्गात काढला की हया धोक्यात येते, हे लॉजिक मला अजून डीबग करता आलेलं नाही.

मीही काही शहाणा नव्हतो. रमजानात धाकटी बहीण स्वयंपाकघराचं दार लोटून, भांड्याचा आवाज न करता जेवायची. पाळीत रोजा माफ, नंतर कजा करायचा. मग ती लपायची कुणापासून? माझ्यापासून. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "रोजा का सोडलास?" ती रडली. अम्मी मला काही बोलली नाही. तिलाच म्हणाली, दार नीट लावत जा. म्हणून म्हणतो, मुलांनाही शिकवा.

पॅडवरचा 12 टक्के जीएसटी जुलै 2018 मध्ये गेला. त्याच वर्षी 8 मार्चला राज्याने अस्मिता योजना आणली, 5 रुपयांत 8 पॅड. पण जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी. शहरातल्या अनुदानित उर्दू शाळेतल्या आपल्या मुली त्यात नव्हत्या. सरकारला जाब विचारूच. पण संस्थेचे ट्रस्टी तर आपलेच चाचा-मामू आहेत ना? जलशाच्या मंडपाला वर्गणी जमते. मुलींच्या शौचालयाला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाची कचरापेटी, एवढ्याला जमत नाही? आणि पॅड ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. मुलगी सरांकडे किल्ली मागणार नाही, सरळ घरी जाईल. मग गणित मागे पडलं की आपणच म्हणणार, लड़की का दिल पढ़ाई में नहीं लगता.

रविवारी ट्रस्टींची मीटिंग आहे. मी जातोय. दोघे-तिघे सोबत आले तर बरं.